सुगीच्या रविवारचं कोकरू

मेलेलं कोकरू धुळा बाचकरनं आमच्या ओट्यावर आणून ठेवलं, तेव्हा पाळकसाहेब चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. बशी तशीच खाली आली. कोकराचा गळा फाटलेला होता, बाकी अंगावर ओरखडा नव्हता.

"हे तुमचं व्हतं, सायेब," धुळा म्हणाला. "सुगीच्या रविवारासाठी येगळं काढल्यालं."

"कशानं झालं हे?"

धुळानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "लांडगं. दुसरं काय असणार."

"कधी?" मी विचारलं.

"आत्ताच की, दुपारी. आमी मेंढरं घेऊन चरायला गेल्यालो. कोकरं माघारी वाड्यावर."

"भर दुपारी लांडगा आला? आणि तुमचा सरदार काय झोपला होता?"

धुळानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर पाळकसाहेबांकडं वळवली. "सरदार व्हता म्हून बाकीची वाचली, पाळकीणबाई."

सरदार पायरीखाली बसला होता. धुळाचा कुत्रा, वासराएवढा दांडगा, पिवळसर अंगाचा. त्याचं तोंड कानापर्यंत ओलं होतं. नुकतंच पाणी प्यायला असेल, असं मला वाटलं. कुत्रा पाणी पिताना कानापर्यंत भिजत नाही, हे तेव्हा काही डोक्यात आलं नाही.

ही गोष्ट फार जुनी आहे. पाळकसाहेब, म्हणजे माझे यजमान, प्रभूकडे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही टेकडगावच्या मिशनमध्ये होतो. सगळा उघडा माळ. त्यात एक दगडी चर्च, चर्चला लागून आमचं घर, पलीकडे मुलींचं बोर्डिंग आणि मागं मिशनची शेती. बाजरी निघाली की धुळा धनगर दरवर्षी त्या रानात काटेरी कुडाचा वाडा टाकून मेंढरं बसवायचा. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं आणि त्याबद्दल मिशन त्याला धान्य द्यायचं. त्याच सुमाराला आमचा सुगीचा रविवार यायचा. लोक पहिलं धान्य, भोपळे, कोंबड्या घेऊन चर्चला यायचे आणि पाळकसाहेब धुळाचं एक कोकरू खांद्यावर घेऊन दारातून वेदीपर्यंत चालत जायचे. पांढरा झगा, खांद्यावर कोकरू, मागं गाणारी मुलं. मग हरवलेल्या मेंढराचा उपदेश. बाया डोळे पुसायच्या. मीसुद्धा पुसायची, खोटं कशाला बोलू. त्या वर्षानंतर मात्र त्यांनी कोकरू कधी खांद्यावर घेतलं नाही. लोक विचारायचे, तर ते म्हणायचे, खांदा दुखतो.

बोर्डिंग दाविद मास्तरच्या ताब्यात होतं. दाविद म्हणजे पाळकसाहेबांचा जीव की प्राण. दुष्काळात मिशनच्या फाटकाशी कुणीतरी सोडून गेलेलं ते पोर. पाळकसाहेबांचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. त्यांनी त्याला स्वतःच्या ताटात जेवू घातलं, स्वतःजवळ निजवलं, शिकवलं, मास्तर केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पोरगेला होता, मला वहिनी म्हणायचा. त्यांना दादा. चर्चमध्ये पेटी तोच वाजवायचा, आणि अशी वाजवायचा की गावातले इतर लोकही चर्चच्या भिंतीशी ऐकत उभे राहायचे. दिसायला देखणा, बोलायला गोड. मला तो कधी आवडला नाही. का, ते मला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हणून मी गप्प बसायची.

आणि बोर्डिंगमध्ये सलोमी होती. आईबाप दोघंही नसलेली, नऊदहा वर्षांची काटकुळी पोर. तिचा गळा म्हणजे काय सांगू. धुळा मेंढरांना बोलावताना 'ह्योऽ ह्योऽ' करून एक लांब हेल काढायचा, मधेच तुटणारा. त्याच्या मेंढरांना तेवढा एकच आवाज कळायचा. पाळकसाहेबांनी किती वेळा तो काढून बघितला, एक मेंढरू मान वर करील तर शपथ. सलोमीनं तो हेल असा उचलला की कुंपणाजवळ उभी राहून हाक घातली की सगळा कळप चरायचं थांबायचा. धुळाची बायको ठकाबाई हसून हसून बेजार व्हायची. "ही पोर आमची मेंढरं पळवून न्हेती एक दिस," म्हणायची. पाळकसाहेबांनी तर ते उपदेशातसुद्धा घातलं होतं, की मेंढराला आपल्या धन्याचा आवाज कळतो आणि आपल्या बोर्डिंगमधल्या एका लेकरानं ते आपल्याला दाखवून दिलं.

कोकरू मेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सलोमी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शाळेची वेळ होती. मी भाकरी थापत होते.

"काय गं? शाळा नाही?"

ती डावा कान हातानं झाकून उभी. मी तिचा हात बाजूला केला. कानातून पू आला होता आणि त्यात रक्त होतं. मानेपर्यंत ओघळ वाळलेला.

"कशानं झालं?"

"मास्तरांनी मारलं."

"कशाबद्दल?"

"भाकरी करपली. माझी पाळी होती चुलीजवळ." मग म्हणाली, "बाई, या कानानं ऐकू येईना मला. मी आता इथंच राहू का? मी भांडी घाशीन."

मी तिला आत घेतलं, खाऊ घातलं आणि पाळकसाहेब आल्या आल्या त्यांच्यासमोर उभी केली. म्हटलं, बघा तुमच्या लाडक्याचे प्रताप.

त्यांनी कान बघितला. बराच वेळ बघितला. मग मला म्हणाले, "थोडं पाणी कोमट कर. आणि कापूस दे."

मला बरं वाटलं. वाटलं, आता ते तिला दवाखान्यात नेतील आणि मग दाविदकडं बघतील. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि इतक्या हळुवार हातानं कान साफ केला की पोर पेंगायला लागली. मानेवरचा ओघळ पुसला. केस ओले करून त्या कानावर ओढून बसवले. मग लांबून बघितलं, कसं दिसतंय ते.

"चल बेटा," म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर. दाविदला मी समजावून सांगतो."

"कुठं नेताय?" मी विचारलं.

"बोर्डिंगला."

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? त्यानं तिचा कान फोडलाय."

"दाविद तापट आहे, एस्तेर. वाईट नाही. साठ पोरींचं बघायचं म्हणजे हात उठतो कधीतरी."

"मग ही इथं राहील. मला जड नाही ती."

"आज एक ठेवून घेशील, उद्या दहा येतील."

"दहा येतील म्हणजे तुम्हाला माहीत आहे तर, की दहाजणी यायला बघतायत."

ते माझ्याकडं वळले. मग आवाज चढवून म्हणाले, की गेल्या दोन वर्षांत पळालेल्या पोरी गावातल्या लोकांच्या फूस लावण्यानं पळाल्या, बाहेरच्यांना आपलं बोर्डिंग डोळ्यांत खुपतं, आणि आपणच आपल्या माणसाकडं बोट दाखवायला लागलो तर त्यांना आयतंच हवं आहे. दाविद त्यांना हेच सांगायचा. शब्दन् शब्द त्याचा होता.

सलोमीनं त्यांचा झगा धरला. "पाळकबाबा, उद्या जाते. आज नको."

"मी आहे ना," ते म्हणाले आणि तिचं बोट धरून निघाले.

मी फाटकापर्यंत मागं गेले. दाविद बोर्डिंगच्या पायरीवर उभा होता. पाळकसाहेब त्याला काहीतरी बोलले, खांद्यावर हात ठेवून. दाविद मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं सलोमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला आत नेलं. पाळकसाहेब परत आले ते खूश होते. म्हणाले, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं गं. मी त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं आणि स्वतः आत जाऊन बसले. दुसरं काय करणार होते. त्या काळी पाळकाच्या बायकोचं ऐकून मिशनचा कारभार चालत नव्हता.

त्याच आठवड्यात लांडग्याची शिकार निघाली. दाविदच पुढं. धुळानं आणखी एक कोकरू गेल्याचं सांगितलं होतं आणि पाळकसाहेबांनी मनावर घेतलं होतं. मिशनची सगळी बाप्ये माणसं काठ्या, भाले, घमेली घेऊन टेकडीमागच्या ओढ्याकडं गेली. धुळाही होता, पण सगळ्यांच्या मागं. दुपारपर्यंत गलका ऐकू येत होता. मग चौघांनी बांबूला उलटी टांगून शिकार आणली. बिळात धूर करून बाहेर काढली, म्हणे. चर्चच्या फाटकाशी लिंबाला तिला लटकवली. पोरं खडे मारत होती, दाविदच्या पाठीवर थापा पडत होत्या.

मी जवळ जाऊन बघितलं. लांडगी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली, आणि सड दुधानं भरलेले.

"धुळाबापू," मी म्हटलं, "हिनं मारली का कोकरं?"

धुळा म्हणाला, "लांडगं ते लांडगंच, बाई." आणि निघून गेला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी लांडग्यावर उपदेश केला. तेवढा जोरकस उपदेश त्यांनी क्वचितच केला असेल.

दोनएक दिवसांनी विहिरीवर ठकाबाई भेटली. रोजच्यासारखी थट्टा नाही, काही नाही. घागर भरून झाली तरी उचलेना.

"काय झालं, ठकाबाई?"

"काय न्हाय." मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "पाळकीणबाई, तुमी कुनाला बोलू नगा. माजा म्हातारा कुत्र्याचं तोंड धुतोय."

"म्हणजे?"

"कोकरू मेलं की त्यो आधी सरदारला वढ्यावर न्हेतो. तोंड धुतो. दातातली लोकर काढतो बोटानं. मग वरडतो, लांडगं आलं म्हून."

मी माझी घागर खाली ठेवली.

"म्या म्हनलं त्याला, मारून टाक. कुत्र्याला एकदा रक्ताची चटक लागली की सुटत न्हाय, हे शेंबड्या पोराला ठावं. तर म्हनतो, पिल्लू असताना त्याची आय मेली, तूच त्याला शेळीचं दूध पाजलं बोटानं, आन् तूच मार म्हनतीस? म्या काय बोलू आता? पाजलं व्हतं की म्याच." ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "कोकरं त्याच्याच भरवशावर सोडून जातो आमी. ती बी त्याच्याजवळ जाऊन बसत्यात. वळखीचा म्हून."

मी घरी आले. पाळकसाहेब ओट्यावर सुगीच्या रविवारचा उपदेश तयार करत बसले होते. ठकाबाईनं कुणाला बोलू नका म्हटलं होतं. मी बोलले. जसं ऐकलं तसं सांगितलं, माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही. ते ऐकत होते. तोंड धुण्याचं आलं तेव्हा त्यांचा हात कागदावर थांबला. पण म्हणाले एवढंच, "धुळाशी बोलायला हवं."

"आणि?"

"आणि काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "जा, धुळाशी बोला."

ते लगेच निघाले. मीही चप्पल घातली. वाड्यावर पोहोचलो तो आधीच सगळं होऊन गेलं होतं. धुळा त्या दिवशी मेंढरं घेऊन गेलाच नव्हता. बाभळीआड बसून राहिला होता, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून. कोकरांच्या काटेरी कुडात एक कोकरू मरून पडलं होतं. दुसरं मागच्या पायाला चावा घेतलेलं, थरथरत उभं होतं. सरदार बाहेर धुळाच्या पुढ्यात शेपूट हलवत होता. तोंड लाल. धुळाच्या हातात कुऱ्हाड होती, पण ती अजून उचललेली नव्हती.

"धुळा," पाळकसाहेब म्हणाले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापास्नं."

"मग ती लांडगी?"

"तिला म्या न्हाय मारली, सायेब. तुमच्या मानसांनी मारली." मग म्हणाला, "म्या गप बसलो."

"का पण?"

धुळानं त्यांच्याकडं बघितलं. तो फक्त म्हणाला, "बाईला घेऊन जावा घरला. बघू नगा."

त्यानं सरदारच्या गळ्यात दोरी घातली. कुत्रा उड्या मारत त्याच्याबरोबर बाभळीपलीकडं गेला. आम्ही तिथंच उभे राहिलो. आवाज एकदाच आला. धुळा परत आला तेव्हा त्याच्या हातात दोरी होती. त्यानं ती नीट गुंडाळून कोपरीच्या खिशात ठेवली. मग चावलेलं कोकरू उचलून माझ्या हातात दिलं. "हे आता कळपाबरोबर चालायचं न्हाय, बाई. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. जगलं तर तुमच्या रविवाराला व्हईल."

परत येताना पाळकसाहेब माझ्या पुढं चालत होते. आधी हळू, मग भराभर. फाटकाशी ते घराकडं वळलेच नाहीत. सरळ बोर्डिंगकडं गेले, आणि शेवटी तर झगा वर धरून पळत गेले. पळताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

सलोमी लाकडांच्या खोलीत होती. बाहेरून कडी. किती दिवस होती, ते पोरींनी बोटांवर मोजून सांगितलं. पाळकसाहेबांकडं चुगली केली म्हणून ती परत आली त्याच दिवशी दाविदनं तिला उजव्या कानावर मारलं होतं. मग रोज. पोर तापानं फणफणत होती. दोन्ही कान वाहत होते. मी तिला हाका मारल्या, ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, तापात आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ताप उतरवला. कानांचं मात्र ते म्हणाले, की दोन्ही पडदे गेले आहेत, आतून सगळं सडलं आहे. अगदी जवळ जाऊन ओरडलं तर थोडंफार कळेल. पुढं तेही राहील की नाही, सांगता येत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, वाढत्या वयात भरून येतं ना. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

मला वाटलं, आता तरी ते दाविदला जाब विचारतील. पण सुगीचा रविवार तोंडावर आला होता आणि मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ, तोरणे आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसले. तोरणे माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात बोलायचा, एवढंच.

"पाळकसाहेब, झालं ते फार वाईट झालं. पण विचार करा. रविवारी गावचे पाटील येणार, नगरहून पाहुणे येणार. आपल्यातलं चव्हाट्यावर मांडायचं का? उद्या बोर्डिंगच बंद पडलं तर बाकीच्या पोरींनी कुठं जायचं?"

"मग काय करू म्हणता?"

"दाविद रविवारी पेटी वाजवील. सोमवारी निघून जाईल. जालन्याकडं एका बोर्डिंगला मास्तर हवाच आहे. तिथं आपलं बोलणं झालंय. पोरीची तुम्ही हवं तर माफी मागा. घरातल्या घरात."

मी आतल्या दारात उभी होते. "जालन्याला पोरी नाहीत का, तोरणेभाऊ?"

तोरण्यांनी माझ्याकडं न बघता कपातला चहा संपवला. मी पाळकसाहेबांकडं बघत राहिले. ते आपल्या हातांकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी जाऊ दे त्याला."

त्या माणसाबरोबर मी वीस वर्षं संसार केला होता. त्या क्षणी मला त्यांची इतकी किळस आली की मी चुलीजवळ जाऊन विस्तवावर पाणी ओतलं. घरात रात्री कुणी जेवलं नाही.

रविवार उजाडला. कोकरू जगलं होतं. तीन पायांवर टणाटण उड्या मारायचं आणि दिवसभर सलोमीच्या मागं. ती त्याला दूध पाजायची, त्याच्याशी बोलायची. आपलाच आवाज ऐकू येत नसल्यामुळं तिचं बोलणं मधेच मोठं, मधेच बारीक व्हायला लागलं होतं. धुळाची हाक तिनं आमच्या घरी राहायला आल्यावर एकदाच घालून बघितली होती. वेडीवाकडी आली. पुन्हा तिनं ती घातली नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर नवे कपडे घातलेली माणसं जमली होती. कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. पाटील येऊन बसले होते, तोरणे हार घेऊन उभे. आत दाविदनं पेटीवर सूर धरला होता, आणि काय सांगू, नेहमीपेक्षा गोड वाजवत होता मेला. कोकरू घेण्यासाठी पाळकसाहेब आमच्या अंगणात आले. अंगावर पांढरा झगा. चर्चच्या आणि अंगणाच्या मधे फक्त कमरेइतकी भिंत.

सलोमी लिंबाखाली पाठमोरी बसून कोकराचं पायाचं फडकं बदलत होती.

"सलोमी," ते म्हणाले.

ती वळली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. कोकरानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. कोकरानं बघितलं म्हणून मग ती वळली.

पाळकसाहेब तिच्यापुढं वाकले. काय बोलले ते मला ओट्यावरून ऐकू आलं नाही, इतकं हळू बोलले. घरातल्या घरात मागायची होती ना माफी.

सलोमी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "मोठ्यानं बोला, पाळकबाबा," म्हणाली. "ऐकू येईना."

त्यांनी भिंतीपलीकडं बघितलं. पायरीवरची दोनचार माणसं वळली होती. ते थोडं मोठ्यानं बोलले.

"अजून मोठ्यानं."

पोर उर्मटपणे म्हणत नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. तिनं तर मदत म्हणून कोकरू खाली ठेवलं आणि दोन्ही हात कानांमागं धरले.

पाळकसाहेब सरळ उभे राहिले. कर्ण्याशिवाय हजार माणसांपुढं बोलणारा माणूस होता तो. त्यांनी एकदा श्वास घेतला.

"मी तुला परत पाठवलं," ते म्हणाले, आणि ते अख्ख्या माळावर ऐकू गेलं. "दाविद मारतो, हे मला माहीत होतं. तू सांगण्याच्या आधीपासून माहीत होतं. मी तुझा कान धुतला आणि तुला त्याच्या हातात परत दिलं. माझं चुकलं."

आतली पेटी थांबली. पायरीवर तोरण्यांच्या हातातला हार तसाच राहिला. भिंतीशी बोर्डिंगच्या पोरी ओळीनं उभ्या होत्या, त्यांतली एक मोठी पोर रडायला लागली.

सलोमीला एवढं सगळं दिसत नव्हतं. ती फक्त त्यांच्याकडं बघत होती. "मग का पाठवलं?" तिनं विचारलं. तेही मोठ्यानंच आलं, तिला कळत नव्हतं म्हणून.

"तो माझा होता म्हणून."

तिनं जरा विचार केला. "आणि मी?"

याचं उत्तर पाळकसाहेबांनी दिलं नाही. हळूही नाही आणि मोठ्यानंही नाही. सलोमी त्यांच्या ओठांकडं बघत थांबली, आपल्यालाच ऐकू आलं नसेल असं वाटून. मग तिनं कोकरू उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. रविवारी ते त्यांना लागतं, हे तिला माहीत होतं.